दोरासाठी ठेवलेली फट

बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला शर्ली नावाचं उपनगर आहे, तिथे आमची लेक राहते. मे महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडे गेलो आणि पहिल्या आठवड्यातच जावईबापूंच्या लक्षात आलं की सासऱ्यांना मॉलमध्ये नेण्यात अर्थ नाही. पुणे जिल्ह्यात कालव्यावर छत्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला न्यायचं कुठे? त्यांनी नकाशा उघडला आणि एका निळ्या रेघेवर बोट ठेवलं. "बाबा, हा घ्या तुमचा कालवा." ही म्हणाली, "जन्मभर तेच बघितलं, आता साहेबाच्या देशात येऊनही तेच." पण दुसऱ्या दिवशी माझ्याआधी बूट घालून तयार होती.

बेत असा ठरला: स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन कालव्याचा दक्षिणेकडचा अर्धा भाग, किंग्जवुडपासून स्ट्रॅटफर्डपर्यंत, साधारण तेरा मैल. तरुण माणूस एका दिवसात चालतो. हिचे गुडघे आणि माझी थांबून थांबून बघायची सवय धरून आम्ही तीन दिवस लावले.

दिवस पहिला: किंग्जवुड ते लोसनफर्ड

जावयाने सकाळी लॅपवर्थ स्टेशनापाशी सोडलं. तिथून पाच-दहा मिनिटांवर किंग्जवुड जंक्शन. एक कालवा बर्मिंगहॅमकडून येतो, शेजारून ग्रँड युनियन हा दुसरा कालवा जातो, आणि मधल्या एका छोट्या फाट्याने दोघांची गाठ पडते. पाणी इतकं संथ की पहिल्यांदा मी सवयीने काडी टाकून वेग बघितला आणि स्वतःशीच हसलो. हा सिंचनाचा कालवा नव्हे. इथे पाणी रानाला द्यायचं नसतं, नावेला द्यायचं असतं. एका दृष्टीने सोपं काम. पाळीसाठी कोणी रात्री दोन वाजता दार ठोठावत नाही.

इतिहास वाचला आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं. १७९३ साली पार्लमेंटने कायदा करून कालव्याला मंजुरी दिली. १७९६ पर्यंत खोदकाम हॉकली हीथपर्यंत आलं आणि पैसे संपले. फ्रान्सशी युद्ध चालू, महागाई वाढलेली. रडतखडत १८०२ साली किंग्जवुड गाठलं. मग दहा वर्षं सामसूम. १८१२ मध्ये पुन्हा कुदळ पडली आणि १८१६ च्या जूनमध्ये कालवा स्ट्रॅटफर्डला पोचला. पंचवीस मैलांना तेवीस वर्षं! रखडलेला प्रकल्प, सुधारित प्रशासकीय मान्यता, पुन्हा सुधारित मान्यता, हे सगळं आपलंच असं मी समजत होतो.

ही कथा मुद्दाम सांगतोय, कारण आम्ही जे बघायला निघालो होतो ते या कडकीतूनच जन्मलेलं आहे.

पहिला नमुना लगेच भेटला. लॉकच्या, म्हणजे पाणी चढवून-उतरवून नाव वरखाली न्यायच्या दरवाज्यांच्या हौदाच्या, खालच्या तोंडाशी एक चिमुकला पूल. दोन्ही काठांवर विटांचे पाये, त्यातून सज्जासारखे पुढे आलेले बिडाचे दोन अर्धे, आणि ते दोन अर्धे मध्यभागी एकमेकांना टेकत नाहीत. मध्ये फट. मी अंगठा घालून पाहिला, बरोबर बसला. म्हणजे इंचभर. हिला वाटलं, पूल तडकलाय. "अहो, उतरा खाली," म्हणाली.

तडकलेला नाही, मुद्दाम तसा बांधलाय. या कालव्यावरच्या नावा घोडा ओढायचा. सात फूट रुंद, सत्तर फूट लांब नाव, त्यात वीस-पंचवीस टन कोळसा नाहीतर चुनखडी, आणि काठावरच्या वाटेने चालणारा एक घोडा. जमिनीवर त्याच घोड्याला दीड-दोन टनांची गाडी ओढताना फेस आला असता. आता वाटेत पूल आला की दोन उपाय. एक, पूल इतका रुंद बांधायचा की खालून पाणीही जाईल आणि घोड्याची वाटही जाईल. म्हणजे मोठी कमान, जास्त विटा, जास्त पैसे. दुसरा, पूल फक्त पाण्यापुरता बांधायचा आणि घोड्याने बाहेरून वळून जायचं. पण मग दोराचं काय? घोडा पुलाच्या बाहेरून, नाव पुलाच्या आतून, दोर अडकणार. दर पुलापाशी दोर सोडा, पुन्हा बांधा. त्यावर इथल्या लोकांनी काढलेला तोडगा म्हणजे ही फट. घोडा दोन पावलं थांबवायचा, सैल पडलेला दोर कठड्यावरून उचलून फटीत सोडायचा, आणि चला पुढे. असे पूल दुसऱ्या कालव्यांवरही तुरळक आहेत, पण इथे ते ओळीने भेटतात.

छत्तीस वर्षांत माझ्यासमोर काटकसरीचे पुष्कळ प्रस्ताव आले. त्यातल्या बहुतेकांत सिमेंट कमी केलेलं असायचं. डोकं जास्त वापरून पैसे वाचवलेला प्रस्ताव विरळाच.

लोसनफर्डकडे जाताना एम-फॉर्टी हा महामार्ग आडवा येतो. तेवढा वेळ डोक्यात नुसती घरघर. ती मागे पडली की पुन्हा बदकं, फुललेल्या हॉथॉर्नची पांढरी कुंपणं आणि लॉकशेजारची ती गोल छपराची घरं. कालव्याच्या देखरेखीसाठी नेमलेल्या माणसांची ही बिऱ्हाडं, आपल्या पाटकऱ्यांच्या कोठ्यांसारखी. पण छप्पर कौलारू नाही, आडवं पिंप अर्धं चिरून ठेवावं तसं. सांगतात की कालव्याच्या गवंड्यांना कमानी बांधायची सवय, पुलाचे लाकडी साचे हाताशी, म्हणून घरांनाही तेच साचे लावले. खरं असावं असं मला वाटतं. साचा तयार असला की गवंडी दुसरा विचार करत नाही.

लोसनफर्डला कालव्याकाठी फ्लर द लीस नावाचा जुना पब आहे. इथल्या पाईंचं एके काळी देशभर नाव होतं. हिचा गुरुवार असल्याने आम्ही बटाट्याच्या चिप्स आणि चहावर भागवलं. जावई घ्यायला आले.

दिवस दुसरा: लोसनफर्ड ते वुटन वावेन

आजचा दिवस एकाच पुलाने खाल्ला.

त्याआधी यार्निंगेलचा जलसेतू लागला. जलसेतू म्हणायचं एवढंच, ओढ्यावरून कालवा नेणारी बिडाची छोटी पन्हळ. आधी इथे लाकडी होती, ती १८३४ च्या पुरात वाहून गेली आणि त्याच वर्षी ही बसवली. हिने पाऊण मिनिटात ओलांडली.

तिथून पुढे प्रेस्टन बॅगटच्या अलीकडे-पलीकडे रानातच मधूनमधून असे पूल दिसत राहतात. त्यांच्यावरून गावचा रस्ता जात नाही, लॉकही जवळ नाही. एका कुरणातून निघालेली पाणंद पुलावर चढते आणि पलीकडच्या कुरणात उतरून गवतात नाहीशी होते. इंग्रजीत याला अकॉमोडेशन ब्रिज म्हणतात. माणसाचं रान अखंड होतं, कंपनीने कालवा खोदून त्याचे दोन तुकडे केले, तेव्हा त्याच्या जाण्यायेण्याची सोय कंपनीने स्वखर्चाने करून द्यायची, असा कालव्यांच्या कायद्यांचा दंडक होता. जमीनदार मंडळी पार्लमेंटातच बसलेली, तेव्हा कलम घालायचं राहून जाणं शक्यच नव्हतं. म्हणून इंग्लंडच्या कालव्यांवर मैलामैलाला असे पूल दिसतात, ज्यांच्यावरून कोणीही कुठेही जात नाही असं वाटतं.

आम्ही ज्या पुलावर बसलो तो असाच. लाल विटांचे पाये, कोपरे झिजून गुळगुळीत. वर खडी-माती चोपलेली, चाकोरीच्या दोन रेघा आणि मध्ये गवत. बिडाचा कठडा साधा, पण मध्यभागी कापलेला, कारण नुसता खालचा भाग चिरून उपयोग नाही, दोर वरून यायचा तर कठड्यालाही फट हवीच. कठड्याच्या तुटक्या टोकांवर बोट फिरवलं तर चरे लागतात. लोखंडाला दोराने चरे पडलेत. ओला दोर, त्यात काठावरची वाळू, आणि वर्षानुवर्षं त्याच जागी घासणं. घरी आमच्या विहिरीच्या दगडी काठावर पोहऱ्याच्या दोराने असेच चरे पडले होते.

मला करून बघायचं होतं. हिच्या पिशवीत लाडवांचा डबा होता, त्याला सुतळी बांधलेली. ती सोडली, चांगली लांब निघाली. "तू घोडा हो, मी नाव होतो." "म्हणजे रोजचंच," ही म्हणाली. ती सुतळीचं टोक धरून वाटेने पुढे गेली, पाणंदीवर चढली, पलीकडे उतरली. मी अलीकडे काठावर दुसरं टोक धरून. सुतळी कठड्यावर ताणली आणि घट्ट बसली. ओढून काही होईना. मग हिला एक पाऊल मागे यायला सांगितलं, सुतळी सैल झाली, मी ती काठीने उचलून फटीत सोडली, आणि ती अल्लद पाण्याच्या अंगाला गेली. ही पुढे चालू लागली तशी सुतळी फटीतून सरसर सरकली, आणि मला चेव आला. दोनदा केलं. तिसऱ्या वेळी ती फटीतल्या गवतात अडकली. दोर बंद झाल्यापासून फटीत माती साठते, तिथे गवत धरतं. इथे वापर हीच साफसफाई होती.

या उद्योगात काठावरच्या नेटलला माझं मनगट लागलं. आपल्या खाजकुयलीची लांबची बहीण. शेजारीच रुंद पानांचं डॉक नावाचं झुडूप असतं, त्याचं पान चोळायचं असतं, असं लेकीने सांगून ठेवलं होतं. चोळलं. फरक पडला की चोळण्यात लक्ष गेलं, सांगता येत नाही.

दुपारी कुरणातून चार चाकांची ती शेतावरची मोटारसायकल आली, तिच्यावर टोपी घातलेला म्हातारा आणि मागे कुत्रा. पुढे तीसेक मेंढ्या. आम्ही बाजूला झालो. मेंढ्या पुलाच्या तोंडाशी गोळा होऊन थबकल्या. कुत्र्याने नुसतं खाली बसून बघितलं, तशी एक पुढची पुलावर चढली, फटीपाशी आली आणि उडी मारून गेली. इंचभर फटीला दोन फुटांची उडी! मग प्रत्येकीने त्याच जागी तशीच उडी मारली. मेंढरू सगळीकडे मेंढरूच.

म्हातारा थांबला. मी विचारलं, ट्रॅक्टर जातो का यावरून? "नाही. पेलणार नाही. ट्रॅक्टर गावातून वळसा घालून नेतो. वडील गवताची घोडागाडी न्यायचे." मी विचारलं, पूल कोणाचा? तो म्हणाला, "पूल कालव्याचा. रान माझं." आणि मोटारसायकल फटीवरून खटकन नेऊन गेला.

त्या वाक्यावर मी बराच वेळ बसलो. मी नोकरीला नवीन होतो तेव्हाची गोष्ट आहे. आमच्या कालव्याच्या एका वळणावर एका शेतकऱ्याचं रान चिरलं गेलं होतं. घर अलीकडे, विहीर आणि निम्मं रान पलीकडे. तो अर्ज घेऊन आला. "साहेब, बैलं काय पोहत न्यायची?" खालच्या अंगाला एक पूल होता, कागदावर फार दूर नव्हता. मी शेरा मारला: जवळ पूल उपलब्ध असल्याने मागणी अमान्य. सही माझी. नियमात बसत होतं. पुढे दरवर्षी पाहणीला जाताना तो बैल घेऊन त्या लांबच्या वळणाने येताना दिसायचा आणि रामराम घालायचा. राग नव्हता त्याला, हेच जास्त लागायचं. त्याने कालव्यात दोन बाभळीची खोडं टाकून साकव केला होता, तोही आम्ही प्रवाहाला अडथळा म्हणून काढायला लावला.

हे हिला कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. ती म्हणाली, "लाडू खा."

संध्याकाळी वुटन वावेन. इथलं सेंट पीटर्स चर्च वॉरिकशरमधलं सगळ्यांत जुनं, मनोऱ्याचा खालचा भाग सॅक्सन काळातला. बाहेरूनच पाहिलं, पाय बोलत होते. स्टेशन म्हणजे रानात दोन फलाट. इथे गाडी आपोआप थांबत नाही, ड्रायव्हरला दिसेल असा हात करावा लागतो. आपल्या एसटीची 'हात दाखवा, गाडी थांबवा' योजना इथे रेल्वेला आहे. मी दोन्ही हात दाखवले.

दिवस तिसरा: वुटन वावेन ते स्ट्रॅटफर्ड

त्याच गाडीने परत. गावाच्या टोकाला कालवा बिडाच्या पन्हळीतून हमरस्त्यावरून जातो. त्यावर लोखंडी पाटी: ऑक्टोबर १८१३, अध्यक्षांचं नाव आणि अभियंता विल्यम व्हिटमोर. अभियंत्याचं नाव पाटीवर आहे याचा मला आनंद झाला. आमच्याकडे कोनशिलेवर बाकी सगळे असतात.

मग एडस्टन. याच्यासाठी मी तीन दिवस वाट बघत होतो. ४७५ फूट लांब, इंग्लंडमधला सगळ्यांत लांब बिडाचा जलसेतू. विटांच्या खांबांवर ठेवलेली पन्हळ, खाली ओढा, रस्ता आणि रेल्वे. गंमत अशी की चालायची वाट पन्हळीच्या तळाच्या पातळीला आहे. म्हणजे आपण खाली चालतो आणि शेजारून पाणी कमरेच्या वर. एक नाव आली तर सुकाणूवरच्या बाईचे बूट माझ्या तोंडासमोर. तिने वाकून "मॉर्निंग" म्हटलं. मी पन्हळीच्या जोडांवर हात फिरवत गेलो. थेंब पाझरत होते, पण दोनशे वर्षांच्या बोल्ट मारलेल्या जोडाला एवढं माफ आहे. आमच्या काही जलसेतूंना पहिल्याच पाळीला धार लागायची.

विल्मकोट हे शेक्सपिअरच्या आईचं, मेरी आर्डनचं गाव. इथे वर्षानुवर्षं लोक एक लाकडी चौकटीचं देखणं घर तिचं म्हणून बघत होते. २००० साली कागदपत्रांवरून निघालं की ते शेजाऱ्याचं, तिचं घर पलीकडचं, साधंसं. हिला ही गोष्ट फार आवडली.

मला मात्र विल्मकोटमधला रस्त्यावरचा पूल बघायचा होता, कारण त्याच्या पायी सगळा कालवा जाणार होता. १८५६ मध्ये कालवा रेल्वे कंपनीच्या हातात गेला होता आणि रेल्वेला नावा कशाला हव्या असणार? विसाव्या शतकाच्या मध्याला इथे चिखल आणि लव्हाळे उरले होते. रस्त्याचा पूल कमकुवत झालेला. खालून नावा जाण्याइतका उंच नवा पूल बांधायचा तर खर्च मोठा, कालवाच रद्द झाला तर सपाट भराव घालून भागतं. म्हणून १९५८ मध्ये वॉरिकशर काउंटी कौन्सिलने कालवा रद्द करण्याची परवानगी मागितली. अट एकच, गेल्या तीन वर्षांत कालवा कोणी वापरलेला नसावा. वापरला नाही असं ते म्हणाले. तेव्हा विरोधकांनी एक पावती पुढे केली. दोघांनी १९५७ मध्ये साध्या पॅडलच्या कनूतून या कालव्यावर जाण्यासाठी रीतसर कर भरला होता, त्याची पावती. झालं. अर्ज फेटाळला गेला.

मी पावत्यांवर सह्या करण्यात आयुष्य घालवलं. पावतीने इतकं मोठं काम केल्याचं पहिल्यांदाच वाचलं.

पुढे १९६० मध्ये नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने हा भाग भाड्याने घेतला आणि डेव्हिड हचिंग्स नावाच्या माणसाने तो उपसायला घेतला. हाताशी कोण? हौशी स्वयंसेवक, लष्कराचे जवान आणि बर्मिंगहॅमच्या तुरुंगातले कैदी. ११ जुलै १९६४ रोजी राणीच्या आईच्या हस्ते कालवा पुन्हा सुरू झाला. तेव्हा लॉकचे दरवाजे नवे घातले, गाळ काढला, पण दुभंगलेले पूल तसेच ठेवले. घोडे गेलेलेच होते. फट बुजवून सपाट करून टाकणं सहज जमलं असतं, आणि माझ्यासमोर फाइल आली असती तर मी बहुधा तसाच शेरा मारला असता. आता देखभाल कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टकडे आहे, आणि यातल्या कित्येक पुलांना सरकारी वारसा यादीचं संरक्षण आहे. म्हाताऱ्याच्या मेंढ्या बहुतेक यापुढेही उड्या मारत राहतील.

विल्मकोटच्या उतारावर अकरा लॉक आहेत. तिथे एक मध्यमवयीन जोडपं नाव घेऊन उतरत होतं, आम्ही दोघं दरवाज्याच्या लाकडी दांड्याला पाठ लावून मदत केली. हिने जोर लावला आणि दरवाजा हलला तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. दोन लॉकनंतर पुरे म्हणाली.

शेवटचा भाग मी भरभर सांगतो, कारण तो तसाच आहे: गोदामं, मागची अंगणं, रेल्वेचा पूल, आणि मग एकदम बँक्रॉफ्ट बेसिन. रंगीत नावा, आइस्क्रीम, नाट्यगृह, पर्यटकांची जत्रा. बेसिनच्या टोकाला रुंद लॉक आणि पलीकडे एव्हन नदी. कालवा संपला.

शेक्सपिअरच्या घराच्या रांगेत आम्ही उभे राहिलो नाही. स्टेशनकडे जाताना ही पिशवीत काहीतरी चाचपडत होती.

घरी लेकीने विचारलं, "मग, काय काय पाहिलं?" मी एडस्टनच्या जोडांबद्दल सांगायला लागलो. हिने दरम्यान ओली, चिखलाळलेली सुतळी नळाखाली धुतली आणि रेडिएटरवर पसरली. लाडू अजून निम्मे शिल्लक होते, डबा परत बांधायचा होता.